दगडाखालचा पाच हातांचा जीव

मुंबईत राहून समुद्र पाहिला नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. दादरला, जुहूला, गिरगावला आपण सारे जातो. भेळ खातो, पायावर दोन लाटा घेतो, मुलांचे कपडे भिजले म्हणून रागावतो आणि गर्दी वाढायच्या आत लोकल पकडतो. पण खरे सांगायचे तर आपण समुद्राचा वरचा पडदा पाहून घरी येतो. पडद्यामागे काय चालले आहे, ते दाखवायला समुद्र स्वतःच दिवसातून दोनदा पडदा बाजूला करतो. त्याला आपण ओहोटी म्हणतो. ते पाहायला तिकीट नाही, ओळख लागत नाही, वशिला लागत नाही. वेळ तेवढी साधावी लागते.

जानेवारीतल्या एका रविवारी पौर्णिमा आली होती. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. त्यांची ओढ एकत्र होते. मग भरतीला पाणी नेहमीपेक्षा जास्त चढते आणि ओहोटीला नेहमीपेक्षा जास्त उतरते. याला उधाण म्हणतात. मुंबईला उधाणाच्या दिवसांत चढ-उताराचा फरक चार ते पाच मीटर होतो. दीड मजली घर बुडेल एवढे पाणी सहा तासांत येते आणि पुढच्या सहा तासांत निघून जाते! या दिवसांत मुंबईला ओहोटीची वेळ साधारणपणे पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला येते. म्हणून आम्ही वसाहतीतील चार घरची माणसे दुपारीच निघालो. आजी होत्या, रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका होते, दोन-तीन आया होत्या आणि मुले तर सांगायलाच नको. आमच्या वसाहतीतली एक लेक प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करते आहे. मुले तिला ताई म्हणतात. या सफरीची कल्पना तिचीच.

निघायला निमित्तही घडले होते. दहावीतली आमची मुलगी ‘कंटकचर्मी प्राणी’ हा धडा मोठमोठ्याने पाठ करीत होती. ‘शरीरावर काटे असतात, फक्त समुद्रात आढळतात, उदाहरणार्थ तारामासा...’ ताईने तिला विचारले, “पाहिलायस का कधी?” मुलगी म्हणाली, “पुस्तकात पाहिलाय की.” ताई म्हणाली, “घरापासून तासाभरावर समुद्र आहे आणि त्यातला जीव तू फक्त पुस्तकात पाहतेस! चल, मी दाखवते.”

काळ्या खडकावरची वस्ती

खार रोड स्टेशनला उतरून आम्ही पश्चिमेला चालत निघालो. पंचवीसेक मिनिटांत कार्टर रोडचा किनारा आला. उत्तरेच्या टोकाला खारदांड्याचा कोळीवाडा आहे. किनाऱ्याला काही ठिकाणी तिवराची झाडे आहेत आणि ओहोटीला जिकडेतिकडे काळे खडक उघडे पडतात. हा खडक म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थर पसरले, त्याच काळातली ही घडण. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड आणि हा दगड एकाच घरचे.

खडकावर एक मावशी कालवे काढत बसल्या होत्या. हातात लोखंडी टोकदार हत्यार, शेजारी डबा. एका ठोक्यात शिंपला उघडायचा आणि आतले कालव डब्यात. आम्ही सगळे लवाजम्यासह आलेले पाहून त्या हसल्या. ताईने त्यांना नमस्कार करून विचारले, “मावशी, किती वेळ आहे?”

“सहापर्यंत पाणी जाईल,” मावशी म्हणाल्या. “पण पाण्याला पाठ दाखवू नका. समोरून येतं तसं ते मागच्या घळीतूनही येतं. पोरं मधल्या मोठ्या दगडापुढं नेऊ नका.”

घड्याळ न पाहता सांगितलेली ती वेळ ताईच्या वहीतल्या वेळेशी तंतोतंत जुळली. ताई मुलांना म्हणाली, “बघा, हेही शिक्षणच आहे. मी पुस्तकातून शिकले, मावशी पाण्यातून शिकल्या.”

खडक हा वरून निर्जीव दिसतो, पण त्यावर मजल्यामजल्याची चाळ असते. सर्वांत वर, जिथे पाणी थोडा वेळच पोचते, तिथे बारीक शंखातल्या गोगलगायी. त्याखाली दगडाला चिकटलेले पांढरट, धारदार कवचांचे जीव, बार्नेकल. अनवाणी पाय पडला तर कापतोच. त्याखाली कालवांची दाटी. आणि सर्वांत खाली, जो भाग उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडतो तिथे, खड्ड्याखड्ड्यांत साचलेले पाणी. त्या पाण्यात हिरवे-तपकिरी समुद्रफूल तोंड उघडून बसलेले. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला शंखखेकडा घर पाठीवर घेऊन पळताना दिसला. काका म्हणाले, “याला घरभाडं नाही बरं का!” त्यावर आजी म्हणाल्या, “मोठं घर मिळेपर्यंत त्यालाही वाट बघावी लागते.” आजींचे म्हणणे शास्त्राला धरून होते. शंखखेकडा वाढला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो, आणि रिकामा शंख मिळणे सोपे नसते.

सापडला!

ताईने सगळ्यांना एका खड्ड्याभोवती उकिडवे बसवले. गुडघ्याएवढ्या पाण्यात एक पाटासारखा दगड होता. तिने तो दोन्ही हातांनी हळूच, एका बाजूने वर केला. खालचा गाळ विरला आणि एकदम काहीतरी वळवळले.

“साप! छोटे छोटे साप!” आमचा धाकटा ओरडला.

साप नव्हते. शर्टाच्या बटणाएवढी एक गोल तबकडी आणि तिला जोडलेले पाच बारीक, लांबलचक हात. करड्या रंगावर फिकट पट्टे. हातांना दोन्ही बाजूंनी बारीक काटे, जणू चिमुकल्या कंगव्याचे दातच. उजेड लागताच तो जीव हातांनी सपासप पाणी कापत दुसऱ्या दगडाखाली शिरलाही. सगळे मिळून पाच-सात सेकंद. पण ते पाच-सात सेकंद पुस्तकाच्या पाच-सात पानांना भारी होते.

याला इंग्रजीत ब्रिटल स्टार म्हणतात, म्हणजे ठिसूळ तारा. आपण त्याला भंगुर तारा म्हणू या. शास्त्रीय भाषेत या गटाचे नाव आहे ऑफियूरॉयडिया. ग्रीक भाषेत ‘ऑफिस’ म्हणजे साप आणि ‘ऊरा’ म्हणजे शेपूट. धाकट्याला जे वाटले, तेच पूर्वीच्या विद्वानांनाही वाटले होते तर!

भंगुर तारा हा तारामाशाचा चुलतभाऊ. काटेरी चेंडूसारखा सी-अर्चिन आणि समुद्रकाकडी हीदेखील याच कुळातली. पण तारामासा आणि भंगुर तारा यांत फरक ओळखायचा कसा? तारामाशाचे हात मधल्या अंगातूनच फुटल्यासारखे रुंद असतात. अंग कुठे संपले आणि हात कुठे सुरू झाला ते कळत नाही. भंगुर ताऱ्याची तबकडी वेगळी आणि हात वेगळे, चाकाच्या तुंब्याला आरे बसवावेत तसे. बहुतेक तारामासे हाताखालच्या शेकडो नळीपायांवर सावकाश सरकतात. भंगुर तारा मात्र सबंध हात वल्ह्यासारखे मारून पळतो. त्याच्या हातात आपल्या पाठीच्या कण्यासारखे एकापुढे एक मणके असतात. ते शिंपल्यासारख्याच चुनखडीचे बनलेले असतात. म्हणून हात इतका लवचिक, आणि म्हणूनच इतका ठिसूळ.

डोके नाही, तरी गोंधळ नाही

“ताई, याचं डोकं कुठंय?” दहावीतल्या मुलीने विचारले.

“नाहीच.”

मुले गप्पच झाली. डोके नाही म्हणजे काय? शाळेत बाईंनी रागाने म्हणावे तसे का? तसे नाही. भंगुर ताऱ्याला खरोखरच डोके नाही आणि आपल्यासारखा मेंदूही नाही. तबकडीच्या खालच्या बाजूला मधोमध तोंड असते, त्याला पाच जबडे. तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे असते आणि त्या कड्यातून प्रत्येक हातात एकेक मुख्य तंतू गेलेला असतो. हुकूम सोडणारा साहेब कोणी नाही. पाचही हात त्या कड्याने एकमेकांशी जोडलेले.

मग जायचे कुठे, हे ठरते कसे? २०१२ साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाचे हेन्री ॲस्टली यांनी भंगुर ताऱ्यांच्या चालीचे चित्रण करून अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की, निघताना पाचांपैकी एक हात मधला ठरतो. त्याच्या दोन बाजूंचे हात वल्ही मारतात आणि गडी निघतो. दिशा बदलायची झाली तर तो आपल्यासारखा अंग वळवीत नाही. तो दुसऱ्याच हाताला मधला करतो! आता पुढारी हा, मघाशी तो. कायमचा पुढचा नाही आणि कायमचा मागचाही नाही.

काका बराच वेळ विचार करून म्हणाले, “आमच्या वर्कशॉपच्या गँगमध्ये असं असतं तर रोजचा तंटा मिटला असता.”

आणि डोळे? तेही नाहीत. पण त्याला उजेड आणि अंधार बरोबर समजतो. दगड उचलताच तो कसा पळाला, ते आम्ही पाहिलेच होते. त्याची गंमत ऐका. कॅरिबियन समुद्रात एक भंगुर तारा आहे. तो दिवसा गडद तपकिरी आणि रात्री फिकट होतो. २००१ साली शास्त्रज्ञांनी सांगितले की, त्याच्या हातांवरचे चुनखडीचे बारीक स्फटिक भिंगासारखे काम करतात, म्हणजे त्याचे सारे अंगच एक डोळा आहे. ही गोष्ट जगभर गाजली. पण शास्त्रात गाजलेली गोष्टही पुन्हा तपासतात. २०१८ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी बारकाईने पाहिले, तेव्हा प्रकाश ओळखणाऱ्या पेशी त्या भिंगांच्या खाली नव्हत्याच. त्या अंगभर हजारोंनी पसरलेल्या होत्या, पण वेगळ्या जागी. मग २०२० साली प्रयोगाने दिसून आले की, या जीवाला समोरचा काळा पट्टा ओळखून तिकडे जाता येते, पण दिवसा, अंगावर गडद रंग असतानाच. तो रंग झापडासारखे काम करतो. एका बाजूचा उजेड अडवतो आणि त्यामुळे कुठून काय दिसते ते कळते. रात्री रंग आक्रसला की ही नजरही जाते. पहिले उत्तर चुकले म्हणून विज्ञान हरले नाही. तपासले म्हणूनच पुढचे उत्तर सापडले.

हात गेला तरी जीव राहिला

नावातच ठिसूळ, तेव्हा तुटण्याची गोष्ट सांगायलाच हवी. खेकड्याने किंवा माशाने हात धरला की भंगुर तारा तो हात सोडून देतो. पाल शेपूट टाकते तसाच. तुटलेला तुकडा वळवळत राहतो, शत्रू त्यात गुंततो आणि हा पसार होतो. काही जातींचा हात तर अंधारात हिरवट-निळसर चमकतो. म्हणजे शत्रूचे लक्ष आणखीच तिकडे!

मग त्या जागी नवा हात फुटतो. जात कोणती, पाणी गरम की गार, खायला किती मिळते, यावर काही आठवडे किंवा काही महिने लागतात. आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या ताऱ्याचे चार हात लांब होते आणि पाचवा बोटाच्या पेरापेक्षाही लहान, कोवळा, फिकट. तो नव्याने फुटत असलेला हात होता.

“म्हणजे तुटलं तरी त्याचं काही बिघडत नाही?” धाकट्याने विचारले. त्याच्या डोक्यात काय चालले आहे, ते आजींनी ओळखले. त्या म्हणाल्या, “तुझं बोट कापलं तर नवी कातडी येते की नाही? मग मुद्दाम कापून घेशील का?”

आजींचे उत्तर अगदी बरोबर आहे. नवा हात फुकट येत नाही. हातानेच तो खातो, हातानेच पळतो. हात कमी म्हणजे घास कमी, आणि त्या कमी घासातूनच नवा हात उभा करायचा. आजारात ज्याचा रोज बुडतो आणि औषधालाही पैसे लागतात, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

सहा हातांची एक अगदी चिमुकली जातही आहे, ऑफिऍक्टिस सॅव्हिनी. जगभरच्या उबदार समुद्रांत ती स्पंजाच्या पोकळ्यांत राहते. ती चक्क मधोमध दोन तुकड्यांत विभागते. प्रत्येक वाट्याला तीन हात आणि अर्धी तबकडी. मग दोघेही आपापली उरलेली बाजू वाढवतात आणि एकाचे दोन होतात.

पण बहुतेक भंगुर तारे अंडी पाण्यात सोडतात. त्यातून निघालेले पिल्लू आईबापासारखे मुळीच दिसत नाही. ते काचेसारखे पारदर्शक, लांब काड्यांचे, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढे असते. काही आठवडे लाटांवर तरंगते, दूरदूर जाते आणि मग रूप बदलून तळाला उतरते. काही जातींत मात्र पिल्ले आईच्या तबकडीतल्या पिशव्यांत वाढतात. याच पिशव्यांत पाणी आत-बाहेर करून ती श्वासही घेते. पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांना पाच चिमुकले हात असतात.

भंगुर तारा खातो काय?

खड्ड्यातले पाणी दाखवून ताई म्हणाली, “यात जे कुजतं, पडतं, तरंगतं, त्यातलं बरंचसं यांच्या पोटात जातं.” मेलेले मासे, गाळातले अन्नाचे कण, पाण्यातले सूक्ष्म जीव. काही जाती हात वर करून वाहत्या पाण्यातले कण टिपतात, काही चिखल चाळतात, काही लहान जीव पकडतात. लक्षद्वीप-अंदमानकडच्या प्रवाळाच्या उथळ पठारांवर एक जात आहे. भरतीचे पहिले पाणी आले की ती खोबणीतून हात बाहेर काढते, उलटे करते आणि पाण्यावर तरंगत आलेला फेस झाडूने गोळा करावा तसा गोळा करते. घास हातावरच्या नळीपायांनी एकाकडून दुसऱ्याकडे देत देत तोंडापर्यंत पोचतो. पोट म्हणजे एक पिशवी. नको ते पुन्हा तोंडातूनच बाहेर, कारण दुसरा दरवाजाच नाही. हे ऐकून मुलांनी “ईऽऽ” केले आणि दोन मिनिटांनी तेच एकमेकांना पुन्हा सांगू लागली.

म्हणजे हा समुद्राच्या तळाचा सफाई कामगार. त्याच्याकडे कोणी पाहत नाही, पण तो आहे म्हणून तळाची घाण साचून राहत नाही. आणि तो स्वतः मासे-खेकड्यांचे अन्न होतो. ज्या साखळीत आपल्या ताटातला मासा आहे, तिचीच एक कडी या दगडाखाली लपून बसलेली असते.

तळाशी वसलेले शहर

बटणाएवढ्या या जीवाचे राज्य केवढे आहे? त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती माहीत झालेल्या आहेत. बर्फाळ ध्रुवांपासून उष्ण समुद्रांपर्यंत आणि आपल्या पायाखालच्या खड्ड्यापासून सहा किलोमीटरहून खोल काळोखापर्यंत तो सापडतो. त्याच्या पूर्वजांचे दगड झालेले अवशेष सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे ज्या काळ्या खडकावर आम्ही उभे होतो, तो खडक होण्याच्याही चाळीस कोटी वर्षे आधी याचे कूळ समुद्रात नांदत होते!

२००८ साली न्यूझीलंडच्या दक्षिणेला, मॅक्वेरी नावाच्या समुद्राखालच्या डोंगररांगेवर शास्त्रज्ञांनी कॅमेरा सोडला. त्या डोंगराचा माथा पाण्याखाली सुमारे ९० मीटरवर आहे. माथ्यावर त्यांना कोट्यवधी भंगुर तारे दिसले. हाताला हात लागेल इतके दाट, सगळ्यांचे हात वर. डोंगरावरून पाणी तासाला सुमारे चार किलोमीटर वेगाने वाहत होते. ते वाहते पाणी त्यांना बसल्या जागी अन्न आणून देते आणि खाणाऱ्या माशांना तिथे टिकू देत नाही. शास्त्रज्ञांनी त्या जागेला भंगुर ताऱ्यांचे शहर असे नाव दिले.

या खोल समुद्राच्या शोधात मुंबईचाही वाटा आहे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे समुद्रमापणीचे जहाज १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधले गेले. त्या जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून कितीतरी अज्ञात जीव वर काढले. त्यातील खोल पाण्यातल्या भंगुर ताऱ्यांचा अभ्यास फ्रान्सच्या रेने केलर यांनी केला आणि १८९९ साली तो ग्रंथरूपाने आला. ग्रंथावर अभ्यासकाचे नाव असते आणि ते असायलाच हवे. पण ज्या कामगारांनी त्या जहाजाची फळी न् फळी जोडली, त्यांचे हात नसते तर तो ग्रंथही झाला नसता. काकांनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली.

बाटलीचे काय झाले?

पाच वाजून गेले. धाकट्याने खिशातून पाण्याची रिकामी बाटली काढली. “एकच नेऊ या ना, ताई. घरी मिठाचं पाणी करू. सगळ्यांना दाखवू.”

त्याला रागावणे सोपे होते. वसाहतीतल्या मित्रांना दाखवायची त्याची इच्छा चांगलीच होती. ताईने त्याला दगडाजवळ बसवले. “मिठाचं पाणी म्हणजे समुद्र नव्हे. समुद्रात हवा मिसळलेली असते, खाणं असतं, भरती-ओहोटी असते. बाटलीत हा रात्र काढणार नाही. मग उद्या दाखवशील काय?” धाकटा बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने बाटली खिशात ठेवली आणि दहावीतल्या ताईकडे वही-पेन्सिल मागितली. त्याने काढलेल्या ताऱ्याला सहा हात झाले. पण तो त्याने स्वतः पाहून काढला होता.

बाटलीत नेलेला एक जीव मरतो, हे दिसते तरी. न दिसणारे नुकसान त्याहून मोठे आहे. दगड उचलून तसाच उलटा टाकला तर खालच्या बाजूचे सारे जीव उन्हात वाळतात आणि वरच्या बाजूचे शेवाळ अंधारात मरते. एका दगडावर दोन वस्त्या उजाड होतात. त्याच खड्ड्यांत आम्हांला दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, चपला, हारांची प्लास्टिकची वेष्टने अडकलेली दिसली. शहराचे सांडपाणी समुद्रात येते. भराव पडतो आणि खडक बुजतात. मावशी सांगत होत्या, “आधी इथं अर्ध्या तासात डबा भरायचा. आता सबंध ओहोटी जाते.” त्यांच्या डब्याचा आणि भंगुर ताऱ्याच्या दगडाचा संबंध किती जवळचा आहे, ते त्या दिवशी आम्हांला समजले. किनारा संपला तर आधी डोके नसलेला जीव जातो, मग मावशींची रोजी जाते, आणि आपल्या मुलांची ही बिनतिकिटाची शाळाही बंद होते.

जायचे असेल तर

बालमित्रांनो, तुम्हीही जाऊ शकता. एकटे नाही, घरची मोठी माणसे आणि किनारा माहीत असलेले कोणी सोबत घ्या. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस निवडा. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. भरती-ओहोटीचे तक्ते पाहून नक्की वेळ काढा. ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळले की किनाऱ्याकडे फिरा. पावसाळ्यात जाऊ नका. शेवाळावर घसरणार नाहीत असे, पाय झाकणारे बूट घाला. कालवांच्या शिंपल्यांवर हात टेकू नका. ओळखीचा नसलेला कोणताही जीव हातात घेऊ नका. काही शंखांतले जीव विषारी डंख मारतात.

दगड उचलायचा तर मोठ्या माणसाने, हळू, आणि एकच बाजू. मुलांनी पाहायचे. मनात वीसपर्यंत मोजायचे. मग दगड होता तसा, त्याच जागी, त्याच बाजूने ठेवायचा. खाली कोणी चिरडणार नाही ना, ते आधी पाहायचे. येताना एक पिशवी न्या आणि तिच्यात किनाऱ्यावरचा कचरा भरून आणा.

घरी आल्यावर वहीत तीन गोष्टी लिहा : आज काय पाहिले, ते पुस्तकात लिहिल्यासारखेच होते का, आणि कोणता प्रश्न सुटला नाही. आयांनो आणि वडीलधाऱ्यांनो, तुमच्यासाठीही एक काम आहे. मुलाने न सुटलेला प्रश्न विचारला तर “गप्प बस” म्हणू नका. “माहीत नाही, पण शोधू या,” एवढेच म्हणा. शास्त्रज्ञाचे सारे आयुष्य याच एका वाक्यावर चालते.